मीटरवरचे सात मैल

“ही गाडी सरकारची हाय. घरच्या कुणी हिच्यात पाय ठेवायचा न्हाई.”

आकाराम पोलीस खात्यात ड्रायव्हर. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं बायकोला, राहीबाईला, हे बजावलं होतं. तिनं मान डोलावली.

आणि पाळलं. फार पाळलं...

राहीबाई म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. ही हकिकत तिनं स्वतः मला सांगितली. तुळशीपुढं दिवा लावल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, त्याच तोंडानं सांगते, यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

गाव कवठे महांकाळपासून अकरा मैलांवर. नाव लिहीत नाही, घरची माणसं अजून तिथंच राहतात. साल एकोणीसशे शहात्तर. चैत्र महिना.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

टळटळीत दुपारची होती.

आकाराम जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्याची ती जुनी पोलीसगाडी कचेरीमागं गंजत पडली होती. तिचा लिलाव निघाला आणि मुलानं, जोतीरामनं, ती घेतली. जोतीराम कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. रोजचं काम उरकलं की गाडीला भिडायचा. आठ महिने खपला. इंजिन नवं, डिझेलचं. गिअर नवे, ब्रेक नवे, चाकं नवी. पूर्वी पुढून हँडल मारून गाडी चालू करावी लागे, आता बटण दाबलं की झालं. हँडलचं भोक त्यानं पत्रा ठोकून बुजवून टाकलं.

जुनं ठेवलं ते फक्त अंग. लांब नाक, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, तो गडद निळा रंग. आणि समोरचं मैलांचं मीटर. ते अजून फिरत होतं, म्हणून ठेवलं.

लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीला गाडी भाड्यानं द्यायची, असा त्याचा बेत. महिन्याची रजा काढून तो गाडी घेऊन गावी आला. सगळं गाव बघायला जमलं. शेजारचे नाथाजी, पलटणीतून पेन्शनीत आलेले, बॉनेटवर थाप मारून म्हणाले, “पोलीसगाडीत नवरदेव? बरं हाय की. सुटायचा इचार आला तरी पळता येणार न्हाई.”

“काका, तुमाला कुठल्या गाडीतनं आणलं होतं?” जोतीरामनं विचारलं.

“मला बैलगाडीतनं. तरी सुटलो न्हाई.”

सगळे हसले. राहीबाई नाही हसली. ती उंबऱ्यातच उभी होती.

“आये, ये की. बस. आता सरकारची न्हाई, आपली हाय.”

“नको रं बाळा.”

“का?”

“पाय दुखत्यात,” ती म्हणाली आणि आत गेली.

जोतीराम फडकं घेऊन बॉनेट पुसू लागला. खरं कारण त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

त्याच्या आधीची एक मुलगी होती. मनू. पाच वर्षांची. चोवीस वर्षांपूर्वी अशाच चैत्रात, भर दुपारी, तिला विंचू चावला. जोतीराम तेव्हा पाळण्यात, अंगावर गोवर फुललेला. आकारामचे साहेब त्याच्याच गाडीतून चौकशीला गावात आले होते. पाटलांकडं जेवून, पान खाऊन झोपले होते. गाडी आकारामच्या दारात, लिंबाखाली उभी. चावी त्याच्याच खिशात.

त्यानं गाडी काढली नाही. साहेबांना उठवलंही नाही. मनूला खांद्यावर घेतलं आणि कवठ्याच्या दवाखान्याकडं चालत निघाला.

दिवस मावळायला परत आला. पोर तशीच खांद्यावर होती.

साहेब म्हणे कपाळ बडवून घेत होते. “अरे, मला उठवायचं नाही का वेड्या?” आकाराम नुसता सावधान उभा होता. पुढं त्यानं सतरा वर्षं काढली. तीच गाडी चालवली, पण घरी कधी मोकळेपणी बोलला नाही.

राहीबाईच्या मनात एवढं एकच राहिलं होतं. हा माणूस गेला, पण सुटला का? रोज दिव्यापुढं हात जोडून ती तेवढंच विचारायची.

गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी...

जेवणं झाली होती. जोतीराम सोप्यात आडवा झालेला. राहीबाई भांडी घासत होती. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

आणि आवाज आला.

खर्रर्र...

हँडल मारल्याचा.

तिचा हात थांबला. पुन्हा आला. खर्रर्र... तिसऱ्या वेळेला इंजिनानं ठसका दिला आणि धडधड सुरू झाली. डिझेलची ती नवी टकटक नव्हे. जुनी, पेट्रोलची धडधड. वीस वर्षं तो आवाज वेशीपाशी आला की तिनं चुलीवर तवा टाकला होता. तो कसा चुकेल?

ती तशीच राखेच्या हातानं बाहेर आली.

गाडी लिंबाखाली उभी होती. हलत नव्हती. आत कुणी नव्हतं.

आवाज मात्र... रस्त्यानं लांब लांब चालला होता.

संध्याकाळी जोतीरामनं मीटर बघितलं आणि वैतागून नाथाजींकडं गेला. “काका, गाडी न्हेली व्हय दुपारी?”

“मला सायकल चालवता येत न्हाई गड्या.”

“सात मैल फिरलीया.”

“मग तुझं मीटर झोपेत चालत असंल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. तिसऱ्या दिवशी पुन्हा सात. चावी जोतीरामच्या कनवटीला. गाडीखालच्या मातीवर चाकाची नवी खूण नाही. जाऊन परत आली असती, तर चौदा मैल दिसले असते.

पण सातच. नुसतं जाणं... येणं नाहीच.

चौथ्या दिवशी त्यानं मीटरची तारच काढून ठेवली. आता चाक फिरलं तरी मीटर फिरणार नव्हतं.

संध्याकाळी बघितलं.

सात.

आणि आणखी एक. मागच्या सीटवर त्यानं नवं रेक्झिन चढवलं होतं. त्याचा डावा कोपरा ओला होता. हातभर जागा. त्या कोरड्या धगीत, जिथं धुतलेलं लुगडं क्षणात वाळायचं, तिथं ती जागा ओली आणि गार होती. त्यानं बोट लावून जिभेला लावलं.

खारट.

विंचू चढला की माणसाला घाम सुटतो. हातपाय गार पडतात...

पाचव्या दिवशी जोतीराम आईला न सांगता दुपारी गाडीत जाऊन बसला. ड्रायव्हरच्या जागेवर नाही, शेजारी. काचा वर केल्या. मेकॅनिक माणूस, कारण सापडल्याशिवाय त्याला चैन नसायचं.

खर्रर्र...

बुजवलेल्या भोकातून आवाज आला. गाडी जागची हलली नाही, पण आत पेट्रोलचा वास भरला. मीटरचा आकडा सरकला.

एक.

मागं कुणीतरी दातावर दात वाजवत होतं. बारीक. थंडी भरल्यासारखं.

दोन... तीन... चार...

त्याला मान वळवून बघायचं होतं. मान वळेना.

पाच... सहा... सात.

आवाज बंद. सगळं गप्प. आणि त्या गप्पपणात ड्रायव्हरच्या बाजूनं कुणीतरी घसा खाकरला. एकदाच, हळू. दारात आल्यावर त्याचे आप्पा खाकरायचे, तसा.

मग काहीच नाही. तो म्हणतो, ते काहीच नाही म्हणजे नुसतं रिकामं नव्हतं. कुणीतरी वाट बघत बसलं होतं...

तो बाहेर आला तेव्हा सदरा पिळून काढावा असा भिजला होता. राहीबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“आये, आप्पा हायती.”

“ठाव हाय मला.”

“कवापासनं?”

“पयल्या दिवसापासनं.”

“मनूअक्काला घेऊन निघत्यात. गाडीतनं. पर दवाखान्यापत्तुर जातच न्हाईत. सातव्या मैलाला थांबत्यात. काय हाय गं तितं?”

राहीबाईनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

“एक बाभळ हाय,” ती म्हणाली. “आडवा हो जा. दमलास.”

बाभळीचं काय, ते तिनं मुलाला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही खाली मान घालून.

आकारामनं शेवटच्या दुखण्यात एकदाच तोंड उघडलं होतं. म्हणाला, “मनू रस्ताभर कण्हत होती. सातव्या मैलाला म्हणली, आप्पा थांबा. आय मागनं येतीया. मी म्हणलं, न्हाई येणार, जोत्याला गोवर हाय. तर म्हणली, तिनं शब्द दिलाय मला. लय रडली गं. म्हणून बाभळीखाली बसलो. घटकाभर. तिला मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत बसलो...”

तिथंच ती गेली.

खरं होतं. निघताना मनू गळ्याची मिठी सोडेना. पाळण्यातलं पोर तापानं फणफणलेलं. मिठी सोडवायला राहीबाई म्हणाली होती, “तू हो म्होरं. म्या आलेच बघ मागनं.”

लेकरांना आपण म्हणतो तसं. सहज.

चोवीस वर्षं गावानं आकारामच्या हट्टाला बोल लावला. राहीबाई ऐकत राहिली. घरात कुणालाच कळलं नाही की ती नवऱ्याची माफी मागत दिवा लावते.

ती गाडी पुढं वरातीला गेली की नाही, मीटर अजून फिरतं का, हे मला विचारू नका. मी कधी विचारलं नाही. चैत्रात भर दुपारी रस्त्यावर जुन्या मोटारीचा आवाज आला, की मी अजून खिडकी लावून घेते.

सहाव्या दिवशी राहीबाईनं सकाळीच न्हाऊन घेतलं. देवाला नैवेद्य दाखवला. जोतीरामला जेवू घातलं, तो झोपेपर्यंत वारा घातला. मग तांब्यात पाणी घेतलं, डोईवर पदर घट्ट ओढला आणि लिंबाखाली येऊन उभी राहिली.

ऊन पायाखाली पेटलं होतं.

खर्रर्र...

गाडी जागच्या जागी. आवाज मात्र निघाला. वेशीकडं, हळूहळू, कुणीतरी मागं वळून वळून बघत चालवावी तसा.

राहीबाईनं गाडीला हात लावला नाही.

“चला,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आलेच.”

आणि त्या आवाजाच्या मागनं चालू लागली.