सम्राटचं सुतक

रोपणटोप डोक्यावर चढला की दौलत कोडापेच्या टाळूला खाज सुटायची, आणि नेमकी खाजवायलाच मनाई होती.

"हलू नका, दौलतभाऊ," डॉ. ऋता नाबर काचेपलीकडून म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही शिंकलात. टोरांटोतला एक टाइल्सचा व्यापारी अजून वाघाचं चित्र दिसलं की शिंकतो."

"होय जी," दौलत म्हणाला, आणि पाय हलवायला लागला.

आज त्याचं काहीच जागेवर राहायला तयार नव्हतं. मान थांबली की बोटं चालू व्हायची, बोटं दाबून धरली की गुडघा. आज बीज काढायचा दिवस होता. आणि ज्या वाघाचं बीज काढायचं होतं, तो वाघ मेला होता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, दौलतला आणि त्याच्या बायकोला.

तेंदूटोल्याच्या मृगयास्मृती केंद्रात वनखात्याचे नवे अधिकारी बेहेरे पहिल्यांदाच आले होते. बेहेऱ्यांचे केस दाट होते आणि ते बेहेऱ्यांनाही माहीत होतं.

"मला एकदा सोप्या भाषेत सांगा," केसांवरून हात फिरवत ते म्हणाले. "विधानसभेत कोणी प्रश्न विचारला की उत्तर मलाच लिहून द्यावं लागतं."

"वाघ मारायचा नाही, वाघ मारल्याची आठवण विकायची," डॉ. नाबर म्हणाल्या. "गिऱ्हाईक इथे येतच नाही. आपल्याच गावात टोप घालून बसतं आणि उठतं तेव्हा त्याला आठवतं, की आपण तेंदूटोल्याच्या जंगलात सम्राट नावाचा वाघ लोळवला. घाम, मचाणावरचे डास, सगळं आठवतं. डासांचे पैसे वेगळे."

"आणि हे सगळं येतं कुठून?"

"यांच्या डोक्यातून." त्यांनी पेन्सिलीनं दौलतकडे दाखवलं. "भाऊंनी सम्राटला पिल्लू असल्यापासून पाहिलंय. त्यांच्या आठवणीतून आम्ही बीजस्मृती काढतो आणि तिच्यावर गिऱ्हाइकाच्या शौर्याचं कलम करतो. नुसतं चित्र नसतं हं. वास येतो, छातीतली धडधड येते, हातांना काय करावंसं वाटतं तेसुद्धा येतं. नाहीतर बंदुकीचा चाप कोण ओढणार?"

"लगेच आठवतं?"

"चित्र लगेच. भावना मुरायला आठ-दहा दिवस लागतात. लोणच्यासारखं आहे."

"मग एकदाच भरपूर बीज काढून का ठेवत नाही?"

"शिळं होतं. आठवण म्हणजे फोटो नव्हे साहेब, की कपाटातून काढला, पाहिला, परत ठेवला. मेंदू प्रत्येक वेळी ती नव्यानं लिहून काढतो, आणि आज जी शाई हाताशी असेल तिनं लिहितो."

"छान. आणि हेच बीज म्हणजे वाघ जिवंत असल्याचा पुरावा."

"कायद्यात तरी तसंच लिहिलंय. वाघ जिवंत, तोवर परवाना. वाघ गेला, परवाना गेला. पूर्वी कॅमेरे होते, पण आठवण असताना कॅमेरे कशाला, म्हणून खर्चकपातीत गेले. आणखी एक. नव्या बीजाचा पहिला घास मी आणि तुम्ही घ्यायचा असतो. गिऱ्हाइकाला विषबाधा नको."

बेहेरे हसले. दौलतही हसला, कारण साहेब हसले की हसायचं असतं. त्याचा गुडघा मात्र थांबला नाही.

हा तोडगा निघायला बरीच वर्षं लागली होती. एक बाजू म्हणायची, म्हातारा वाघ श्रीमंतांना मारू द्या, पैसा गावाला द्या, पैसा मिळाला तरच गाव जंगल राखेल. दुसरी बाजू म्हणायची, शिकार म्हणजे पाप, सफारी चालवा. सफारी चालली. जिप्सी नागपूरच्या, रिसॉर्ट मुंबईचे. तेंदूटोल्याच्या वाट्याला फाटकाची दांडी वरखाली करण्याचं काम आणि 'हॉर्न वाजवू नये' अशी पाटी आली. मग स्मृतिरोपण आलं. प्राणिमित्र म्हणाले, मनातली हिंसा हीसुद्धा हिंसाच. शिकारी म्हणाले, गोळी खरी हवी. दोन्ही बाजू सारख्याच नाराज झालेल्या पाहून मंत्रिमंडळानं योजना एकमतानं मंजूर केली.

आणि ती चालली, हे मान्य करायला हवं. ग्रामसभेला दर शिकारीमागे हिस्सा मिळू लागला. शाळेला गणिताचा असा मास्तर मिळाला, जो पळून गेला नाही. गावाची स्वतःची रुग्णवाहिका आली. त्याच रुग्णवाहिकेत सगुणाच्या, म्हणजे दौलतच्या बायकोच्या, बहिणीचं बाळंतपण झालं आणि मुलीचं नाव सम्राज्ञी ठेवण्यात आलं.

भानगड एकच होती. गिऱ्हाइकाच्या डोक्यात आठवण एकटी टिकत नाही, तिला साक्षीदार लागतो. परदेशातून फोन यायचा, "दौलत, आठवतं, मी त्याला कसा एका गोळीत पाडला?" आणि दौलत क्षणभर जरी अडखळला, तरी तिकडे लाखमोलाची आठवण फाटायची. म्हणून प्रत्येक शिकार दौलतच्या डोक्यातही रोपली जायची. प्रत्येक शिकारीत सम्राट पडायचा आणि मग एक घामेजलेला गोरा, सावळा किंवा पिवळा माणूस झुडपातून येऊन दौलतच्या पाठीवर थाप मारायचा.

आणि दौलतच्या कुळाचं देवक वाघ. त्याच्या घरात वाघाला वाघ म्हणत नसत, दादाजी म्हणत. वाघ मेल्याचं कळलं की घरचा वडीलधारा गेल्यासारखं डोकं भादरायचं, थंड पाण्यानं अंघोळ करायची आणि घरातली मडकी फोडायची. पहिल्या हंगामात दौलतनं हे सगळं प्रत्येक शिकारीला केलं. वर्षभर तो टकला होता आणि घरात पाणी प्यायला भांडं नव्हतं. काशिनाथ कुंभारानं मोटारसायकल घेतली. शेवटी ग्रामसभेनं ठराव केला, की जो मेला नाही त्याचं सुतक पाळता येणार नाही. विरोधात एकच मत पडलं, काशिनाथचं.

दौलतनं केस वाढवले. हात मात्र मधूनमधून डोक्याकडे जायचा.

मग या उन्हाळ्यात तो एकटाच नाल्याकडे गेला होता, तर अर्जुनाच्या झाडाखाली दादाजी पडलेले. फासळ्या मोजून घ्याव्यात असे दिसत होते. त्यांनी दौलतकडे पाहिलं, जांभई दिल्यासारखा जबडा उघडला, आणि तो मिटायचं राहूनच गेलं. दौलत उभा राहिला. सवयीनं त्यानं पाठ थोडी पुढे केली आणि थापेची वाट पाहिली. झुडपातून कोणीच आलं नाही. ऊन कलेपर्यंत कोणी आलं नाही.

घरी येऊन तो म्हणाला, "दादाजी गेले."

सगुणा भाकरी थापत होती. "आज कोन आलतं? जर्मन?"

"कोनीच नाई आलतं."

तिचा हात परातीत थांबला. सगुणा कधीच टोपाखाली बसलेली नव्हती. तिच्या डोक्यात जे होतं ते सगळं तिचं स्वतःचं होतं. ती उठली, त्याच्याबरोबर नाल्यावर गेली, बघून आली, आणि दोघांनी मिळून दादाजींवर पाला आणि दगड रचले.

"मडकं फोडू का?" त्यानं विचारलं.

"फोडाल तं लोकं विचारतीन, काऊन फोडलं," सगुणा म्हणाली. "मंग गाडी जाईन, मास्तर जाईन. सम्राज्ञीले ताप आला तं खांद्यावर नेसान का तालुक्याले?"

मडकं फुटलं नाही. केस कापले नाहीत. तेव्हापासून दौलत एका जागी बसू शकत नव्हता.

"तयार?" डॉ. नाबर म्हणाल्या. "एखादी चांगली भेट आठवा. सावकाश."

दौलतनं डोळे मिटले. नाल्याकडे जायचं नाही, असं त्यानं मनाला दटावलं आणि हिवाळ्यातली एक सकाळ पुढे ओढली. धुकं होतं. दादाजी रस्ता ओलांडत होते, मधेच थांबले, शेजारच्या म्हाताऱ्यानं ओट्यावरून बघावं तसं त्यांनी दौलतकडे बघितलं, आणि गेले. बस, एवढंच. अंगावर मांस, कातडीला तकाकी. वाघ ठणठणीत जिवंत होता.

यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"स्वच्छ बीज," डॉ. नाबर म्हणाल्या. त्यांनी आणि बेहेऱ्यांनी टोप घालून आपापला घास घेतला. बेहेरे म्हणाले, "वा! काय रुबाब आहे!" आणि वाघ जिवंत असल्याची सही करून टाकली. गाव वाचलं.

पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत होतं, म्हणजे कोणी काही बोललं नाही. मग केंद्राचा निरोप आला.

दौलत आत गेला तेव्हा डॉ. नाबरांनी डोक्याला ओढणी गुंडाळली होती आणि बेहेरे खोलीतसुद्धा खाकी टोपी घालून बसले होते. टेबलावर चहा होता, पण स्टीलच्या वाटीत. केंद्रातले कप कुठे गेले, हे दौलतनं विचारलं नाही.

"बसा," डॉ. नाबर म्हणाल्या. "हॅम्बुर्गच्या पोलिसांनी चौकशी केलीय. तिथल्या एका निवृत्त न्यायाधीशानं शिकार घेतली होती. परवा त्यानं लग्नातली चिनी मातीची भांडी एकेक करून बाल्कनीतून खाली टाकली, अंगणात बर्फगार पाण्यानं अंघोळ केली आणि डोकं भादरून घेतलं. विचारलं तर म्हणाला, घरातलं माणूस गेलंय. कोण, ते सांगता येईना."

"सुरतेचा बिल्डर," बेहेरे खाली बघत म्हणाले. "त्यानं कुंड्या फोडल्या. झाडांसकट."

"टोरांटोच्या टाइल्सवाल्यानं दुसऱ्यांदा शिकार घेतली होती. तो सगळं करतोय आणि मधेमधे शिंकतोय. भाऊ, एकानंही तक्रार केलेली नाही. पैसे परत मागितलेले नाहीत. सगळी गिऱ्हाइकं टकली आहेत, एवढंच."

दौलतचा गुडघा जोरात हलत होता.

"मी बीज पुन्हा तपासलं," त्या म्हणाल्या. "सकाळ हिवाळ्यातली आहे, वाघ जिवंत आहे, त्यात खोट नाही. पण शाई उन्हाळ्यातली आहे. ती सकाळ तुम्ही आज आठवलीत, म्हणून ती आजच्या मनानं लिहिली गेली. कुणाचं तरी सुतक अडकलेल्या मनानं." त्यांनी ओढणी सोडली. लांबसडक शेपट्याच्या जागी गुळगुळीत डोकं होतं. "मला कळेना मी हे का केलं. कप फोडताना इतकं बरं वाटलं, की शेजारच्या खोलीतलेही आणून फोडले. भाऊ, सम्राट कुठे आहे?"

रुग्णवाहिका दौलतच्या डोळ्यांपुढून गेली. मास्तर गेला. ताप आलेली सम्राज्ञी गेली.

"दादाजी गेले, मॅडम," तो म्हणाला. "नाल्यावर. आपल्या मरणानं गेले. आमी सुतक नाई केलं जी. तुमा लोकाइले करा लागलं."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की गुडघा थांबलाय.

बेहेऱ्यांनी टोपी काढली. त्यांच्या डोक्याचा आकार कोणालाच माहीत नव्हता, तो सगळ्यांना दिसला.

"परवाना रद्द होणार," ते म्हणाले. "माझा इलाज नाही, नियमच आहे. गावाचा हिस्सा आजपासून बंद." त्यांनी घसा साफ केला. "अजून एक विचारायचं होतं. तेरवी कधी आहे?"

"खात्याकडून विचारता का जी?"

"नाही," बेहेरे म्हणाले. "मीच विचारतोय."

डॉ. नाबरांनी संगणक त्याच्याकडे वळवला. नोंदणीच्या खिडकीत निरोप साठले होते, निरनिराळ्या भाषांत. त्यांनी एकेक वाचून दाखवला. नवी शिकार कोणालाच नको होती. वाघावर बंदूक रोखायची कल्पनाच आता किळसवाणी वाटते, असं सुरतेहून कळवलं होतं. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो बेहेऱ्यांनी नुकताच विचारला होता.

दौलत घरी गेला आणि सगुणाला सगळं सांगितलं. तिनं डोकं धरलं.

"एवढ्या लोकाइले जेवाले घालाचं कुठून? आन् आपल्या मान्साकून पैशे घेता येते का?"

"भाव थोडीच लावाचा हाये. पन आपल्यात तेरवीले कोनी रिकाम्या हातानं येते का?"

"नाई येत," सगुणा म्हणाली. थोडा विचार करून तिनं विचारलं, "आन् मंग सालोसाल कोनी अडलं-नडलं तं?"

"ज्याचं सुतक लागते त्याले अडीनडीले धावाच लागते. ते रीतच हाये."

"मंग त्याइले रीत सांगून ठेवा," सगुणा म्हणाली. "आन् गाडीच्या डिझेलचंबी सांगा."

तेरवीच्या दिवशी सकाळीच फाटकाशी बसचा आवाज झाला. दांडी वर करायला दौलत स्वतः गेला. दारातून एक उंच, गुलाबी, चकचकीत डोक्याचा म्हातारा उतरला. त्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं होतं आणि ते त्याला पेलत नव्हतं. त्याच्यामागे दुसरं टक्कल, तिसरं, मग बसभर टकली. कोणीतरी शिंकलं.

म्हाताऱ्यानं पोतं खाली ठेवलं आणि दौलतकडे पाहिलं. दौलतनं सवयीनं पाठ पुढे केली. थाप पडली नाही. म्हातारा नुसता शेजारी येऊन उभा राहिला आणि नाल्याच्या दिशेनं बघत राहिला. नाला तिकडे आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दौलतच्या हातात काशिनाथकडचं नवं मडकं होतं. त्यानं ते फाटकाच्या दगडावर आपटलं.

फुटल्याचा आवाज घरापर्यंत गेला. आतून सगुणा ओरडली, "कोन आलं वो? जर्मन?"

दौलतनं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओळीनं सगळ्यांकडे पाहून घेतलं.

"भावकी," तो म्हणाला.