वरून खाली पेटलेली दीपमाळ

पडद्यावर दीपमाळेचा सगळ्यात वरचा दिवा लागला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्याही खालचा. असे अकरा दिवे लागले, तळाशी ‘दीपमाळ व्हिडिओ, सिंगापूर’ अशी अक्षरं उमटली, आणि या सगळ्यात आवाज म्हणून काही नाही. मग चार-पाच सेकंद नुसत्या मुंग्या, आणि एकदम नाटकाचा दुसरा संवाद सुरू.

गार्गीनं व्हीसीआर थांबवला. “हा पहिला लोगो नाही,” ती म्हणाली.

“कॅसेट तीच आहे,” राधिका म्हणाली. “आईच्या कपाटात साड्यांच्या खाली होती. ‘पहिला’ असं आईनंच लिहिलंय वर.”

“कॅसेट तीच असेल. तिच्यावरचा लोगो कुणीतरी पुसलाय.”

राधिकानं मान हलवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. गेले चार महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

गार्गी आठवडाभर बँकेत लोकांच्या लबाड्या शोधायची आणि शनिवार-रविवारी जुन्या व्हिडिओ कंपन्यांचे लोगो. नाटक-सिनेमा सुरू व्हायच्या आधी पंधरा सेकंद जे हलतं चित्र येतं, ते कुणी केलं, कधी बदललं, याची तारीखवार नोंद ती एका वेबसाइटवर ठेवायची. हौसेला मोल नसतं, आणि या हौसेला तर वाचकही नव्हते. म्हणून राधिकाचा फोन आला तेव्हा तिला आधी खोटंच वाटलं.

फोनवर राधिकानं सगळं सरळ सांगितलं होतं. तिचे बाबा सुबोध राजवाडे यांचं सिंगापुरात सेरंगूनला मराठी कॅसेटचं दुकान होतं. आई, अरुणा, मार्च एकोणनव्वदमध्ये घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आवाज गमावून बसली. राधिका तेव्हा चार वर्षांची. पुढची छत्तीस वर्षं आई वहीत लिहून बोलली आणि चार महिन्यांपूर्वी गेली. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, दीपमाळच्या पहिल्या लोगोत. दुकान व्हिडिओचं, पण घरात कॅमेरा नव्हता. “मला आईचा आवाज आठवत नाही, गार्गीताई. एकदा ऐकायचाय,” एवढंच तिचं मागणं.

गार्गी राधिकाच्या बाबांच्या, तोआ पायोहच्या या फ्लॅटमध्ये आली तेव्हा राधिकानंच दार उघडलं होतं. “बसा निवांत,” ती म्हणाली होती, ‘वां’ जरा लांबवून, शेवट हसण्याकडे झुकवून. हे आपण कुठंतरी ऐकलंय असं गार्गीला उगाचच वाटून गेलं. खिडकीशी बसलेल्या सुबोधकाकांनी तेवढीच एकदा मान वळवली. मग पुन्हा खाली कार पार्ककडे बघत बसले. समोर कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा कप, त्यावर साय.

“हे रोज असेच?” गार्गीनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

“रोज. आणि रोज फोन करून बोलावतात. कधी बल्ब गेला, कधी चष्मा सापडत नाही. मी आले की एक शब्द बोलत नाहीत. बल्बसुद्धा चालू असतो.”

संशय कुणावर, हे विचारायची वेळ आली नाही. राधिकानं स्वतःच नवऱ्याचं नाव काढलं. सारंगला सासऱ्यांना आपल्या काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीतल्या घरी न्यायचं होतं. आवराआवर त्यानंच केली होती आणि कपाटातल्या सामानाची दोन खोकी, या कॅसेटसकट, आठवडाभर त्याच्या गाडीत होती. गार्गीनं त्याला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या यंत्राची वायर कुठं लावतात तेही आपल्याला ठाऊक नाही, असं सांगितलं. ते खरं असावं, कारण दोन्ही घरांत आता व्हीसीआरच नव्हता, हा गार्गीनंच घरून आणला होता.

तिनं कॅसेट उलटी करून कडेला पाहिलं. कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून कडेचा एक छोटा तुकडा मोडून टाकायची पद्धत होती. तो मोडला की तिथं खाच पडते आणि यंत्र त्यावर रेकॉर्डिंग करत नाही. करायचंच असेल तर खाचेवर चिकटपट्टी लावायची. इथं पट्टी होती. पांढरी, कागदी, आता पिवळी पडलेली. खोक्यातल्या दुकानाच्या इतर कॅसेटवर मात्र काळी पट्टी होती, वायरमन वापरतात तसली.

“या कॅसेटवर दुकानात कोण काम करायचं?”

“शिरीषकाका. लोगो काढणारेही तेच.”

शिरीषकाका बुकित बातोकला राहत होते. एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं जाईपर्यंत गार्गीनं आपली नोंद मोबाइलवर पुन्हा वाचली. दीपमाळचा पहिला लोगो शहाऐंशीचा, हातानं रंगवलेला. दिवे खालून वर लागतात, शेवटचा लावताना हिरव्या बांगड्यांचा हात दिसतो. लहानपणी शनिवारी त्यांच्या घरी कॅसेट यायची, त्यामुळे तो हात तिला आठवत होता. शब्द आठवत नव्हते. दुसरा एकोणनव्वदचा, कॉम्प्युटरवरचा, पण दिवे खालून वरच आणि संगीतासह. तिसरा सोनेरी आणि गरगर फिरणारा, तो तिला मुळीच आवडत नसे.

शिरीषकाकांनी दार उघडलं आणि आत घेण्याआधीच विचारलं, “सुबोध बोलतोय का?”

“नाही. काका, जुन्या कॅसेटवर नवा लोगो तुम्ही चढवायचात?”

“सगळ्या कॅसेटवर. लोगो बदलला की दुकानातली एकूण एक कॅसेट परत मागवायची आणि सुरुवातीवर नवा चढवायचा. सुबोधचा हट्ट. गिऱ्हाइकाला दुकान नवंकोरं वाटलं पाहिजे म्हणे. म्हणून तर पहिल्याच्या कॉप्या कुठंच उरल्या नाहीत. फक्त मूळ कॅसेटला हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं.”

“मूळ कॅसेटवर आता वेगळाच लोगो आहे. दिवे वरून खाली लागतात.”

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “वरून खाली? आणि संगीत?”

“नाही. मुका आहे.”

“तो जेमतेम तीन आठवडे होता. जून एकोणनव्वद. मी बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो. सुबोधनं घाईघाईत इथल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतला. त्या बिचाऱ्यानं दीपमाळ कधी बघितलेली नाही. मी असतो तर दिवे उलटे लागले असते का? परत आलो, आधी दिवे सुलटे केले, संगीत घातलं आणि तो उलटा सगळीकडून पुसून टाकला.”

“खाचेवर तुम्ही काळीच पट्टी लावायचात?”

“दुसरी होतीच कुठं दुकानात?”

“एवढी घाई का केली सुबोधकाकांनी? तुमची वाट का नाही पाहिली?”

शिरीषकाका म्हणाले की हे सुबोधलाच विचारावं. निघताना गार्गीनं शेवटचं विचारलं, अरुणाकाकू पहिल्या लोगोत काय म्हणायच्या. त्यांनी सांगितलं. ऐकून ती दारातच थांबली.

दुपारी ती तोआ पायोहला परतली. तिनं राधिकाकडे आईची जून एकोणनव्वदची वही मागितली. आई लिहून बोलायची आणि बाकीचे तोंडानं, त्यामुळे त्या वह्यांमध्ये प्रत्येक संभाषणाची एकच बाजू होती. ‘दूध आलं का.’ ‘राधाला ताप आहे.’ ‘जखमेवरची पट्टी संपली, कालच तर नवी आणली होती.’ आणि दोन दिवसांनी, पान भरून एकच ओळ : ‘मला विचारायचंत तरी.’

“ही ओळ मी वाचली होती,” राधिका म्हणाली. “कशाबद्दल ते कळलं नाही.”

गार्गी खिडकीपाशी जाऊन सुबोधकाकांच्या समोर बसली.

“काका, मी सांगते, चुकलं तर थांबवा. कॅसेटवर जो लोगो चढवलाय तो तीनच आठवडे अस्तित्वात होता, म्हणजे पुसण्याचं काम जून एकोणनव्वदमध्येच झालं. तेव्हा शिरीषकाका कोल्हापुरात होते. राधिका चार वर्षांची. सारंगचा तर पत्ताच नव्हता. खाचेवरची पट्टी दुकानातली काळी नाही. ती जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी आहे, काकूंनी संपली म्हणून लिहिलेली, म्हणजे काम या घरात झालं. घरात दोन मोठी माणसं. काकू स्वतः पुसत्या तर ‘मला विचारायचंत’ असं कुणाला लिहित्या? उरलात तुम्ही.”

राधिका भिंतीला टेकून उभी होती. “बाबा?”

सुबोधकाकांनी थांबवलं नाही. त्यांचा आवाज आला तेव्हा तो सपाट होता, रेल्वेच्या वेळा वाचून दाखवल्यासारखा.

“दुकानात कॅसेट लावली की तिचा आवाज यायचा. ती तिथंच स्टुलावर बसलेली, गळ्याला पट्टी. गिऱ्हाइकं तिच्याकडे बघायची. मला वाटलं, तिला रोज मारतोय मी. म्हणून नवा लोगो करून घेतला. सगळीकडून काढला. घरातली राहिली होती, तीही पुसली. तिचं दुःख कमी होईल म्हणून.”

“मग?” राधिकानं विचारलं.

“मी दुकानात गेलो की ती रोज दुपारी तीच लावून ऐकायची. मला माहीत नव्हतं.” ते थांबले. “त्या दिवशी लावली, तर मुकी. यंत्र आधी पुसतं, मग लिहितं. थांबवलं तरी थोडं जास्तच पुसून जातं. मी शोधलं, एक अक्षरसुद्धा उरलं नव्हतं. पुन्हा कधी तिनं तो विषय लिहिला नाही. कॅसेट मात्र टाकली नाही.”

राधिकाला वडिलांचा राग यायला हवा होता. तिनं तो शोधून पाहिला, सापडला नाही. “म्हणजे गेला तो आवाज,” ती म्हणाली.

“नाही,” गार्गी म्हणाली. “आणि काकांना ते माहीत आहे. चालू असलेले बल्ब बदलायला कुणी रोज मुलीला बोलावत नाही.”

राधिकानं वर बल्बकडे पाहिलं.

“सकाळी दारात तुम्ही मला काय म्हणालात?”

“काय म्हणाले? ‘बसा निवांत’ म्हणाले. कुणीही आलं की तेच म्हणते.”

“लोगोत काकू हेच दोन शब्द म्हणायच्या. ‘वां’ लांबवून आणि शेवटी हसून. मी सात वर्षांची होईपर्यंत दर शनिवारी ऐकलंय. सकाळपासून मला कळत नव्हतं, हे कुठं ऐकलं. तुम्हाला ते कुणी शिकवलं नाही. चार वर्षांचं पोर जे ऐकतं ते उचलतं, आणि तुमचं पुसायला कुणाकडे यंत्र नव्हतं.”

राधिकानं बाबांकडे पाहिलं. ते कार पार्ककडे बघत नव्हते. चार महिन्यांत पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते, आणि वाट बघत होते.

ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ आली. कोपीवरची साय चमच्यानं काढून बाजूला ठेवली.

“बाबा,” ती म्हणाली, आणि मग नेहमी म्हणायची तसंच, “बसा निवांत.”

तिनं स्वतःचा आवाज ऐकला आणि मग तिला रडू आलं.