पाणी गोठू नये म्हणून

मे महिन्यातले, अग्निनक्षत्राच्या कडक उन्हाचे दिवस होते. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या गल्लीत सकाळीच डांबर मऊ व्हायचं, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला इतकं कढत यायचं की देविका आंघोळीची बादली आदल्या दिवशीच भरून ठेवायची. त्यामुळे सासऱ्यांनी गोणपाट आणि सुतळी मागितली, तेव्हा तिला वाटलं, माठाभोवती गुंडाळायला हवी असेल.

"नळ बांधायचेत," कृष्णकांत म्हणाले.

ते लष्कराच्या बांधकाम खात्यात होते. उमेदीची वर्षं लेहला गेली. हिवाळ्याआधी क्वार्टर्सच्या पाइपांना गोणपाट गुंडाळायचं, रिकाम्या घरांतलं पाणी काढून टाकायचं, राहत्या घरांत नळाची बारीक धार चालू ठेवायची, हे त्यांचं काम. थांबलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि लोखंडसुद्धा फाडतं. पत्नी गेल्यावर ते पुण्याचं घर बंद करून चेन्नईला मकरंदकडे, मुलाकडे आले होते. माणूस शिस्तीचा. भ्रमिष्ट मुळीच नव्हे.

"बाबा, इथे कसली आलीय थंडी?"

"मलाही कळतं गं ते. पण बाथरूममधल्या पाइपाला हात लावून बघ."

तिने लावला आणि झटकन मागे घेतला. माठाचा गारवा नव्हता तो. हाडात शिरणारा होता.

"वरच्या एसीचं पाणी कुठेतरी मुरत असेल," ती म्हणाली.

त्यांनी वाद घातला नाही. आधी वर्तमानपत्र, मग गोणपाट, वरून प्लास्टिक. मुलाच्या जखमेला पट्टी बांधावी तसं हलक्या हाताने त्यांनी सगळं बांधलं. मग नळाची धार करंगळीपेक्षा बारीक सोडली आणि तिचा आवाज ऐकत बराच वेळ उभे राहिले.

मकरंद गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता. फोनवर म्हणाला, "शनिवारी डॉक्टरांना दाखवू. तोवर त्यांच्या कलाने घे."

पण दुपारी घरमालकीणबाई जिना चढून आल्या. अन्नपूर्णाबाई, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या.

"अगे देविका, तण्णी असं सोडून ठेवतात काय? पाण्याची लॉरी आली नाही अजून. टाकी रिकामी होईल की!"

देविका ओशाळली. सासरे जेवून आडवे झाले होते. तिने हलकेच जाऊन नळ बंद केला.

आधी नुसतीच शांतता. मग गोणपाटाच्या आत काहीतरी करकरलं. दाताखाली खडा यावा तसं.

"नळ बंद केलास?"

कृष्णकांत दारात उभे होते. त्यांनी तिला बाजूला सारून नळ पूर्ण उघडला. थेंबही आला नाही.

"गरम पाणी आण. लवकर!"

ती पातेलं घेऊन आली, तेव्हा त्यांनी गोणपाट फाडून काढलं होतं आणि दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरला होता. पाइप पांढरा पडला होता.

"हात काढा, बाबा."

"निघत नाहीत," ते शांतपणे म्हणाले.

तिने पाणी ओतलं. हात सुटले. कातडी मागे राहिली.

त्याच क्षणी पाइप उभा चिरला. पाणी आलं नाही. चिरेतून गारठा तेवढा उतरला, फरशीवरून तिच्या घोट्यांना चाटून गेला आणि म्हाताऱ्याच्या पायांपाशी थांबला.

इस्पितळात तरुण डॉक्टरांनी त्यांची काळी पडलेली बोटं दिव्याखाली धरली.

"कुठल्या पहाडावर गेले होते?"

"घरीच होते," देविका म्हणाली.

डॉक्टरांनी केसपेपरवर 'हिमदंश' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी वॉर्डात उकाडा मावत नव्हता. नातेवाईक पुठ्ठ्याने वारा घेत होते. कृष्णकांत डोळे मिटून पडले होते. मनगटात सलाइनची सुई होती.

"देविका."

"काय, बाबा?"

"वाहतंय ना गं?"

तिने वर पाहिलं. बाटलीखालच्या नळीत एक थेंब लोंबत होता. तो पडत नव्हता.

"हो, बाबा. वाहतंय."

नर्स आली. सवयीने तिने नळीवर टिचकी मारली.

टण्णकन काचेसारखा आवाज झाला.