बाळंतिणीचा रांजण

माझ्या थोरल्या भावाचं, उत्तरेश्वरचं, बारसं झालं त्या सालची ही गोष्ट. राज्य निजामाचं होतं. जर्मनीची पहिली लढाई अजून सुरू व्हायची होती. आमचं गाव गेवराईपासून आत, रानात. माझा तेव्हा जन्म नव्हता. मला हे आईनं, सुभद्राबाईनं, सांगितलं. सांगताना ती कधी शपथ घेत नसे. "घडलं तेवढं सांगते," म्हणायची.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

भर दुपारी घडलं सगळं.

तात्याबा म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. आजोबा लवकर गेले. तात्याबानं लग्न केलं नाही, भावाचा संसार ओढला. साठी उलटली तरी तांबडं फुटायच्या आत तो विहिरीवर असायचा. गावात कुणी बाळंत झालं की बारशापर्यंत त्या घरचा रांजण तात्याबाची कावड भरायची. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या पाण्यानं दूध उतरतं, असं बायका म्हणायच्या.

घागर ओतायच्या आधी तो बोटाच्या पेरानं रांजण वाजवून बघायचा.

टक्... टक्.

किती रिकामा आहे, ते त्याला आवाजावरून कळायचं.

त्या उन्हाळ्यात पटकी आली, कॉलऱ्याची साथ. घरोघर माणसं जाऊ लागली. अशा वेळी मरीआईचा गाडा शिवेबाहेर काढायची रीत होती. छोटा लाकडी गाडा. त्यात देवी, निवद, हिरव्या बांगड्या. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेतून आणखी पुढं लोटायचा, की साथ गेली. तोवर ओढणाऱ्यानं मागं फिरायचं नाही. त्याला अन्न द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही. काही दिलं तर देवी त्याच वाटेनं परत येते म्हणत.

गाडा ओढणारा पोतराज पटकीनंच गेला होता.

माझी आजी भिवराबाई म्हणाली, "भावजी, तुमीच ओढा. तुमच्या मागं रडायला कोण हाय?"

तात्याबा हसला. "खरं हाय वयनी. बैल मेला तर नांगर अडंल. मी बरा."

त्यानं गाडा शिवेपार नेला. पण पुढचं गाव गोफणी घेऊनच बसलं होतं. त्यांनी एक पाऊल पुढं टाकू दिलं नाही. दोन गावांच्या मधल्या बरड माळावर गाडा अडकला. गाड्यापाशी म्हातारा अडकला.

साथीमुळं आईला बाळंतपणाला माहेरी जाता आलं नव्हतं. ती आमच्याच घरात बाळंत झाली होती, आणि आमचं घर गावाच्या टोकाला. ऊन चढलं तशी तिला हाक ऐकू आली...

"पाणी द्या रं..."

शिवेवर पहाऱ्याला गावचीच माणसं होती. माझा बापही त्यांच्यात होता. ह्या सगळ्यांच्या जन्माला रांजण तात्याबानंच भरलेले.

"लई पाणी वाहिलं म्हाताऱ्यानं," राधाकिशन म्हणाला. "आता बसू द्या की जरा निवांत."

माणसं हसली. बापही हसला. हे त्यानंच पुढं आईला सांगितलं.

"सुभद्रे... एक तांब्या..."

आई तांब्या घेऊन उठली. आजी दारात आडवी आली.

"कुठं निघालीस?"

"मामंजी हाका मारत्यात."

"मारू दे. लेकरू पाहिजे का म्हातारा, तेवढं सांग."

आईनं बाजेवरच्या लेकराकडं बघितलं. तांब्या खाली ठेवला.

आजीनं कडी लावली.

हाक दिवसभर येत होती. दुसऱ्या दिवशी बारीक झाली.

मग... आलीच नाही.

गावानं त्याला गाड्यासकट तिथंच जाळलं. आणि साथ थांबली. खरोखर थांबली. पाटील सुंदरराव चावडीवर म्हणाले, "देवमाणूस व्हता. गाव वाचवून गेला." सगळ्यांनी माना हलवल्या. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

सुतक फिटल्यावर बारसं धरलं. घुगऱ्या शिजल्या. बायका पाळण्याभोवती बसल्या. ऊन असं, की अंगणात चिमणी नव्हती.

तेवढ्यात परसातून आवाज आला...

टक्... टक्.

पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या.

परत आला. मग घागर ओतल्याचा आवाज. सावकाश ओतली. थोड्या वेळानं दुसरी...

आजी जागची हलली नाही. शेवटी शेजारची छबुबाई बघायला गेली.

परसात कुणी नव्हतं.

सकाळी तळाला गेलेला रांजण काठोकाठ भरला होता. तात्याबाची कावड आढ्याला टांगलेली, कोरडी ठणठणीत. धुळीत पाऊल उमटलेलं नाही. सांडलेला थेंब नाही.

"ओता ते," आजी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ओता."

आई सासूपुढं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामंजींनी आणलंय. त्यांना मी तांब्याभर दिलं न्हाई. त्यांचं आणलेलं तरी फेकू देणार न्हाई."

ती प्याली. पाणी गार होतं, गोड होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. मग त्याच पाण्यात तिनं लेकराची घुटी उगाळली आणि बोटानं चाटवली.

बायका घुगऱ्या घेऊन घरी जाईपर्यंत... लेकराचे डोळे खोल गेले होते.

आईला काहीच झालं नाही.

"मामंजी त्यांचं काम करायला आलते," आई म्हणायची. आजी म्हणायची, "मारायलाच आलता." दोघी एका चुलीवर म्हाताऱ्या झाल्या, पण ह्या गोष्टीवर त्यांचं जमलं नाही. आईनं तो रांजण स्वतः फोडला. माझ्या वेळी घरात नवा रांजण होता, तो बारशापर्यंत पालथा ठेवला होता.

आता आमच्या घरात रांजण नाही. प्लास्टिकची टाकी आहे. गेल्या महिन्यात नातसून दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली. परवा दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. घरात सगळे झोपलेले. टाकीवर कुणीतरी पेरानं वाजवलं...

मी उठलो. तोटी सोडली आणि टाकी रिकामी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. घरात कुणाला सांगितलं नाही. सून विचारत होती, पाणी कावून सोडलं म्हणून.

तात्याबा जेठ महिन्यात शिवेवर तहानेनं गेला. माझा भाऊ उत्तरेश्वर बारशाच्याच दिवशी, दिवस मावळताना गेला. साथ थांबल्यानंतर गावात पटकीनं गेलेला तो एकटाच.