उसनी बाग

स्कूटीचं मागचं चाक फिरायचं थांबलं, तेव्हा रंजिताने आधी मोबाइल पाहिला. गट क्रमांक एकशे बारा अजून दोनशे मीटर लांब होता. मग तिने चाक पाहिलं. टेंभीपूरची काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसली होती, की जणू कुणी थापीने भरली असावी.

रंजिता पीक पाहणी सहायक होती. प्रत्येक शेतात जायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा, किती क्षेत्रावर काय पेरलं ते मोबाइलवर भरायचं. कळसाडीच्या पुढे सात किलोमीटरवरचं हे गाव कुणी मागून घेत नव्हतं, म्हणून ते तिच्या वाट्याला आलं होतं. सप्टेंबर संपत आला होता, आणि पाऊस जाता जाता पुन्हा परतला होता.

"मॅडम, मन्ही मातीले तुमनी गाडी आवडी गई वाटस."

बांधावर एक जण उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात मागच्या वर्षीच्या कापसाचं वाळकं झाड, पऱ्हाटी. रंजिता घरी अहिराणीच बोलायची. पण कामावर असताना शाळेची मराठी तोंडात येई.

"तुमच्या मातीला सांगा, मला अजून सतरा शेतं करायची आहेत."

"सांगस ना. ऐकत नही ती." तो वाकला आणि पऱ्हाटीने चाकातली माती कोरू लागला.

गट एकशे बारा त्याचाच निघाला. भाग्येश, वय सत्तावीस. शेत साडेतीन एकर, मधून नाला. अलीकडे दोन एकर कापूस, पलीकडे दीड एकर मुरमाड पड जमीन. रंजिता फोटो घ्यायला उभी राहिली, तर तो पिकासमोरच उभा.

"बाजूला व्हा. मला पीक हवंय."

"पीक मन्हा मागे शे. मी पुढे शे, ते मन्ही चूक?"

ती हसली नाही. निदान ओठांनी तरी नाही... फोटोत उजव्या कोपऱ्यात त्याचं कोपर आलं होतं. तिने दुसरा फोटो काढला नाही.

गावातलं काम सहा दिवसांचं होतं. तिला अकरा दिवस लागले. दर दुपारी कुठल्या ना कुठल्या बांधावर तो भेटायचा – कधी नाल्याला किती पाणी आहे ते सांगायला, कधी कुठल्या शेतातला कुत्रा चावतो ते सांगायला. चौथ्या दिवशी तिची शाळेची मराठी गळून पडली आणि ती सरळ अहिराणीत भांडू लागली. त्यावर तो म्हणाला, की आता पाहणी खरी सुरू झाली.

बोलता बोलता त्याने आपली सगळी हकिकत सांगितली, तीही क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी. वडील लवकर गेले. घरात आई नर्मदाबाई आणि कर्ते काका हिंमतराव. लग्नासाठी चार पाहुणे येऊन गेले. पहिल्याने विचारलं, नोकरी आहे का? दुसऱ्याने विचारलं, शहाद्यात प्लॉट आहे का? तिसऱ्याची गाडीच शेतापर्यंत पोहोचली नाही. चौथ्याने चहा घेतला, खूप कौतुक केलं आणि नंतर फोन उचलला नाही. गावातली निम्मी पोरं सुरतेला गेली. तिथे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, पण त्यांची लग्नं जमतात.

"तू का नही गया?" तिने विचारलं.

त्याने नाल्याकडे बोट दाखवलं. नाल्याला फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं. रस्ता झाला, तर दोन एकर पपई लावता येईल. पपईला हिसके सोसत नाहीत, म्हणून व्यापारी रस्त्यालगतच्या बागेतूनच माल उचलतो. रस्ता नाही, म्हणून पपई नाही; पपई नाही, म्हणून जमिनीला भाव नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. रंजिताला तेच आवडलं... आणि ते आवडलं, हे तिला शहाद्याकडे परत जाताना, कळसाडीच्या फाट्यावर कळलं.

दिवाळीपर्यंत फोनवर बोलणं चाललं. मग एके दिवशी तीच म्हणाली, "रीतखाल मागणी घाला. मन्हा आबा चोरीन काही ऐकत नहीत."

आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, शहाद्याजवळ स्वतःची सहा एकर केळी होती आणि अट साधी होती: मुलगी देईन ती पाच एकर बागायतीत, नाहीतर पक्क्या नोकरीत. आठ दिवसांनी मध्यस्थाने मुलाची माहिती त्यांच्या मोबाइलवर पाठवली. आबांनी ती मोठ्याने वाचली. सात एकर बागायत. पपईची बाग. शेत रस्त्याला लागून.

रंजिता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

त्या शेताची नोंद तिने स्वतः भरली होती. त्या रात्री तिने मोबाइलवर प्रश्न लिहिला आणि पुसला. विचारलं असतं तर त्याने खरंच सांगितलं असतं, कारण तिला सगळं माहीत होतं. पण आबांना काही माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर तो काय सांगेल, एवढंच तिला पाहायचं होतं. तो खोटं बोलला, तर ती हे लग्न करणार नव्हती. हे ठरवल्यावर तिला झोप लागली नाही.

घर पाहायला मुलीने जायचं नसतं. रंजिता हट्टाने गेली. गाडीत आबा, आत्या जमनाबाई आणि ती. आत्या वाटभर बजावत होती, की तोंड उघडायचं नाही.

हिंमतरावांनी गाडी घराकडे वळूच दिली नाही. आधी शेत पाहू म्हणाले. डांबरी रस्त्याला लागून पपईची बाग उभी होती. झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फळं लगडलेली. बाग चंदनची, म्हणजे भाग्येशच्या घराशेजारी राहणाऱ्याची. टेंभीपूरला पाहुणे येणार म्हटलं, की बाग, ट्रॅक्टर, कधी दुभती म्हैसही उसनी मिळे. चंदनचं स्वतःचं लग्न दुसऱ्याच्या बोअरवेलवर जमलं होतं. त्यामुळे यात काही पाप आहे, असं गावात कुणाला वाटत नव्हतं. चंदन आज मजूर बनून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कोपऱ्यात गवत कापत होता.

भाग्येश काकांच्या मागे उभा होता. पांढरा शर्ट, मान खाली. त्याने एकदाच वर पाहिलं आणि रंजिता दिसताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती येईल, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिने नजर काढून घेतली.

हिंमतराव बोलत होते. आबा ऐकत एका झाडापाशी थांबले, बुंध्याची माती बोटांनी चाचपली आणि वळून सरळ भाग्येशला विचारलं,

"पाणी कितला दिनमा देस तू?"

सोपा प्रश्न होता. चार दिवसाआड म्हटलं असतं, तर आबांनी मान डोलावली असती. काकांनी त्याच्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केली. कोपऱ्यातला विळा थांबला. रंजिताने पदराचं टोक बोटाभोवती इतकं आवळलं, की बोट पांढरं पडलं.

"पाणी चंदन देस, आबा," भाग्येश म्हणाला. "बाग बी त्यानीच शे. मन्हं वावर नालाजोडे शे. साडेतीन एकर. रस्ता नही."

हिंमतराव मोठ्याने हसले. पोरगा थट्टेखोर आहे, म्हणाले. कुणीच हसलं नाही. मग त्यांचाही आवाज उतरला. चार ठिकाणी खरं सांगून पाहिलं, दादा, म्हणाले. खऱ्याला कुणी पोरगी दिली नाही.

आबांनी गाडीकडे जाऊन दार उघडलं. आत्या मागोमाग. भाग्येश जागचा हलला नाही. माफी नाही, विनवणी नाही... जे पाचव्यांदा होणार होतं, त्याची तो वाट पाहत होता.

"आबा," रंजिता म्हणाली. "माले मालूम व्हतं."

आबा थांबले.

तिने सगळं सांगितलं. सप्टेंबर, अकरा दिवस, नंतरचे फोन, दोन एकर कापूस आणि दीड एकर पड. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

"मालूम व्हतं, ते माले सांगं का नही?"

"तो सांगस का नही, हाई देखनं व्हतं."

आबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भाग्येशकडे. खोट्या बागेची चीड त्यांच्या चेहऱ्यावर होतीच. ती लगेच जाणार नव्हती. पण त्यांनी गाडीचं दार लावलं आणि धोतर वर खोचलं.

"चाल. तुन्हं वावर दखाड."

गाडी जाणारच नव्हती. पाऊण तास सगळे पायवाटेने चालले. आत्या दर वळणाला विचारत होती, अजून किती. पुढे आबा आणि हिंमतराव, चार हातांचं अंतर ठेवून. मागे राहिलेल्या भाग्येशने हळूच विचारलं, की ती रागावली आहे का.

"बागमा मान खाले व्हती ना तुन्ही, तितला येळ राग व्हता."

"उसनी बागनं माले आज सकायले मालूम पडनं. काकापुढे तोंड उघडेना."

"उघडं ना शेवट."

कापसाची पहिली वेचणी झाली होती. दुसरी बोंडं उमलत होती. आबांनी एक बोंड फोडलं, धागा दोन बोटांत ओढून पाहिला. नाल्याच्या पाण्यात हात घातला. पलीकडच्या मुरमाड पडीवर जाऊन टाचेने जमीन ठोकली. हिंमतराव मागे मागे होते, पण आता काहीच वाढवून सांगत नव्हते. विचारलं तेवढंच.

शेवटी आबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"इतली जागा. घर कोठे बांधशी?"

भाग्येशने आधी कापसाकडे पाहिलं, मग पडीकडे. या प्रश्नापर्यंत आजवर कुणी आलंच नव्हतं.

"पडवर," रंजिता तिथल्या एका खडकाकडे बोट करत म्हणाली. "त्या खडकजोडे. मुरूम शे, पाया चांगला लागी. पावसामा नालानं पाणी तठलोंग येत नही. दार उगवतीले."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. आबांनीही. मग ते हिंमतरावांना घेऊन खडकाकडे चालू लागले आणि पावलांनी जागा मोजू लागले.

भाग्येश अजून तसाच उभा होता.

"दार उगवतीले..." तो म्हणाला. "हाई कधय ठरावं तू?"

"पाहणीना पाचवा दिनले," रंजिता म्हणाली, आणि घराच्या पायाची जागा चुकू नये म्हणून आबांच्या मागे झपाझप निघाली.