पंधरा लिटरचे चार गॅलन

"गॅलन म्हणजे साडेचार लिटर," काउंटरमागचा तो म्हणाला.

"तो इंग्लंडचा. बाटली अमेरिकेची आहे. तीन पूर्णांक सातशे पंच्याऐंशी!"

माझ्या चुलतभावाने, भूषणदादाने, नानांच्या केळीसाठी अमेरिकेहून शेवाळाचं टॉनिक आणलं होतं. गॅलनला एक औंस, एवढंच त्यावर लिहिलेलं. आमचा फवारणीचा पंप पंधरा लिटरचा. जळगावच्या कृषी केंद्रात नीट विचारावं म्हणून नानांना, माझ्या वडिलांना, घेऊन आले, तर काउंटरमागचा हा पियुष शंभर मिली लिहून मोकळा!

"जवळपास चार औंस होतात. एकशे सतरा मिली." मी त्याचा आकडा खोडला.

"बापरे... मॅडम, शिक्षिका दिसताय. शाळेत छड्याही मारता का?"

"गरज पडली तर—"

नाना वैतागले. "हाई औषध शे का परीक्षा शे? दोन झाकन टाकानं, झायं!"

बाटलीच्या झाकणाने मोजायची त्यांची जन्माची सवय. मी ओरडले त्यांच्यावर, त्या परक्या माणसासमोर. आमचं भडगाव येईपर्यंत बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना उठलेच नाहीत.

दुकानात बातमी पोचली असावी; तेराव्यानंतर पियुष दारात उभा. हातात मिलीच्या रेघांचा प्लास्टिकचा पेला.

"फवारणी राहिली असेल ना..."

पंप त्यानेच पाठीवर घेतला. शर्ट पार भिजला.

"एकशे सतरा?"

"एकशे सतराच. सांडू नका!"

मग दर रविवारी नवा प्रश्न.

"अमेरिकन कप किती?"

"दोनशे सदतीस मिली. मोबाइलवर दिसतं हे."

"मोबाइल चिडत नाही ना..."

मी हसले, आणि हसल्याचाच राग आला. घरात अजून नानांच्या कपड्यांना कोणी हात लावला नव्हता.

एका रविवारी मात्र त्याने काहीच विचारलं नाही.

"मालक धुळ्याला दुकान काढतायत. मला उद्यापासून तिकडे पाठवतायत."

"मग?"

"तुम्ही काही म्हणालात... तर जात नाही म्हणून सांगेन त्यांना."

त्याने चपला घातल्या, फाटकापर्यंत गेला. इतकं सांगून वर वाटही न बघणारा माणूस! चीड मस्तकात गेली. ही चीड ओळखीची होती. दुकानात नानांवर ओरडले तेव्हाही हीच होती, आणि तिच्याखाली काय होतं ते मी त्यांना दाखवलंच नव्हतं.

"पियुष!"

"काय चुकलं आता?"

"सगळंच. मला... तुम्ही हवे आहात. नानाही हवे होते. त्यांना हे एकदाही म्हटलं नाही मी."