झाकणावर बसलेली दोघं

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यातली माणसं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकांवर खेकसणार आहेत, तेव्हा दचकू नका. देवाने काहींना माया भरभरून दिली आणि ती बोलून दाखवायला मात्र नेमका वैताग हाताशी दिला. त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार? तर ऐका.

मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात ती मोजमापाच्या खोलीत होती. गाडी रस्त्यावर यायच्या आधी तिचं तपशीलपत्र तयार होतं: लांबी किती, वजन किती, मागे सामान किती मावतं. त्या पत्राखाली हिची सही लागे, आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी ती सही मिळत नसे. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत, पाठीमागे ‘मापाडी’.

सामानाची जागा मोजायची रीत तिथे जुनीच होती. कॉम्प्युटरचा आकडा चालत नसे. गाडीच्या मागच्या भागाचा प्लायवूडचा सांगाडा उभा करायचा आणि त्यात लाकडी ठोकळे भरायचे. वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, पाच जाड. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. जितके मावतील तितके लिटर. हे ठोकळे आणि ते ठेवायच्या आठ पेट्या वीस वर्षांपूर्वी सुतारखात्यातल्या मेस्त्रींनी केल्या होत्या. नवी गाडी मोजायची वेळ आली की मेस्त्री स्वतः बसून ठोकळ्यांच्या दोन्ही रुंद पाठींवर वॉर्निशचा एकेक हात फिरवायचे आणि कडांना नुसता फडका लावायचे. म्हणायचे, “मापाची वस्तू म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू, पोरी. तिला कोरडं ठेवू नये.” हिला हातात ठोकळा कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं होतं. पुढे ते निवृत्त होऊन सुनेच्या हातचा चहा पीत घरी बसले.

त्या दुपारी छताच्या काचेवर पाऊस बोटं वाजवत होता. ती एका पेटीच्या झाकणावर बसून कडी लावायला धडपडत होती, आणि दारात एक ओलाचिंब माणूस उभा राहिला.

“माफ करा, मातीकाम कुठे चालतं?”

“आधी बसा.”

“नाही, मी फक्त विचारायला—”

“बसा म्हटलं ना! इथे, झाकणावर. वजन किती तुमचं?”

“...बहात्तर.”

“पुरेल.”

तो बसला. झाकण कण्हलं, खाली गेलं, तिने वाकून खट्कन कडी घातली. त्याची ओली बाही तिच्या खांद्याला लागली होती... आणि ती लगेच सरकली नाही, एवढं आपण फक्त लक्षात ठेवायचं.

“पहिल्या भेटीत वजन विचारणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती,” तो म्हणाला.

“आणि पत्ता विचारायला येऊन पेटीवर बसणारा माणूस मी पाहिला नव्हता.”

“तुम्हीच बसवलंत!”

“मग उठा आता. अजून सात आहेत.”

रस्ता विचारून निघून जायचं सोडून तो सातही पेट्यांवर बसला.

तो होता मातीचा कारागीर. नवी गाडी आधी खऱ्या आकारात मातीची करतात. तिच्यावरून हात फिरवून, खरवडून, लिंपून तिचा चेहरा ठरवतात. या खेपेची गाडी होती साहेबी इस्टेट, म्हणजे पुढून रुबाबदार आणि मागे पाठ लांब करून छतापर्यंत सामानाला जागा दिलेली. पेट्रोल, डिझेल आणि सहा सिलिंडरची बडी, अशा तिच्या तिन्ही प्रकारांना छत एकच. ते छत याच्या हातात, आणि छताखालची जागा हिच्या. मेस्त्री तेव्हा नोकरीत होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात याचं नाव ‘कुंभार’ ठेवून टाकलं.

मग दोन वर्षं डोक्याला ताप!

“मागच्या दाराचा उंबरा बासष्ट सेंटिमीटर का? साठ ठरला होता.”

“अहो, दोन सेंटिमीटरने कुणाचा जीव जात नाही.”

“ही बॅग घ्या. आत ठेवा, बाहेर काढा. चाळीस वेळा.”

“मी काय हमाल आहे?”

“तुमची गाडी विकत घेणारा साठीचा माणूस आहे. उचला.”

चाळिसाव्या खेपेला त्याने बॅग ठेवली आणि तिच्याकडे जे पाहिलं, त्याला शिवी म्हणावं की आणखी काही, ते तिला ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी उंबरा साठ होता. त्याच्या अंगठ्याचा मातीचा ठसा तिच्या स्टीलच्या पट्टीवर राहिला होता. जिला टेबलावर धुळीचा कण खपत नसे, तिने तो ठसा पुसला नाही.

“पट्टीवर माती आहे तुमच्या,” तो एकदा म्हणाला.

“माहीत आहे. तुमच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून ठेवलीय.”

“जपून ठेवा हं...”

“जपेन नाहीतर काय!”

असं सगळं चाललं होतं, आणि मग तो बुधवार आला. शेवटची मोजणी. तपशीलपत्रात वचन होतं सातशे चाळीस लिटरचं. ठोकळ्यांचे चौदा थर नीट बसले. पंधराव्या, सगळ्यात वरच्या थराचे ठोकळे मागच्या बाजूला छताला अडकले. बावीस ठोकळे बाहेर. सातशे अठरा.

मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले, “छत पंधरा मिलिमीटर वर घ्या आणि सोमवारी सही करा. विषय संपवा.”

साहेब गेले. तो सांगाड्यापाशी तसाच उभा.

“माझ्या चित्रात सातशे चाळीस बसतात. मी शंभरदा ताळा केलाय.”

“इथे नाही बसत. मी काय करू? सामान चित्रात भरतात का?”

“पंधरा मिलिमीटर म्हणजे तुम्हाला किती वाटतं हो?”

“पंधरा मिलिमीटर.”

“धन्य आहे! अहो, ती रेघ पुढच्या काचेवरून निघते आणि मागच्या दारापाशी अलगद टेकते. ती उचललीत की गाडीला टोपी घातली! या कारखान्याच्या मागच्या तीन गाड्या बघा, तिन्ही टोप्या घालून हिंडतायत. कुणाला दिसत कसं नाही?” त्याने हातावरची वाळलेली माती खरवडली. “मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. सोमवारपर्यंत कळवायचंय. माझी रेघच इथे राहणार नसेल, तर मी कशाला राहू?”

“धमकी देताय?”

“नाही. सांगतोय.”

“कुणाला?”

त्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं.

“मापाडीला,” म्हणाला, आणि निघून गेला.

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, “आज काय केलं त्या कुंभाराने?”

“त्याचं नाव काढू नकोस!”

“मी कुठे काढते? दोन वर्षं रोज जेवताना तूच त्याला पंगतीला बसवतेस.”

“चाललाय तो. दुसऱ्या शहरात. बरं झालं, कटकट गेली.”

“मग डोळे का पुसतेस?”

“ठसका लागला.”

“अजून घास कुठे घेतलास, बाई?”

गुरुवारी ती एकटीच ठोकळे पेट्यांत भरत होती. खोटा आकडा लिहून रेघ वाचवावी, असा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याला तिने दारातूनच परतवलं. सही म्हणजे सही. त्याची रेघ मोडली तर तो जाणार, आणि रेघ मोडणारा आकडा हिच्याच हातचा. देवा, कुणाच्या वाट्याला असला पेच नको!

पहिली पेटी भरली. ती झाकणावर बसली. कडी लागेना. टाचा उचलून सगळा भार टाकला. बोटभर फट तशीच. दोन वर्षांत या पेटीवर ती कधी एकटी बसलीच नव्हती. काही ना काही भांडण उकरून तो नेमका झाकण लावायच्या वेळेला हजर असायचा. आज हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“काय मेली पेटी केलीय मेस्त्रींनी!” ती ओरडली.

आणि झाकणावरून उठली.

मेस्त्रींनी? ज्यांच्या हातचा टेबलाचा खण नुसत्या फुंकरीने बंद व्हायचा, त्या मेस्त्रींनी दोन माणसं बसल्याशिवाय लागत नाही असं झाकण केलं? पेटी फुगली म्हणावं तर लाकूड ठणठणीत. मग...

तिने ठोकळा उचलला, मापकाच्या चिमट्यात धरला. एकावन्न मिलिमीटर. हवा होता पन्नास. दुसरा, एकावन्न. दहावा, एकावन्न. वीस वर्षं गाडी मोजली, छत मोजलं, उंबरा मोजला. मापाचं माप घ्यावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वॉर्निशचा एकेक हात चढत गेला आणि प्रत्येक ठोकळा मिलिमीटरभर गलेलठ्ठ झाला. थर पंधरा. पंधरा मिलिमीटर!

ती पळत सुटली. मातीकामाच्या दालनात जमिनीवर खरवडलेल्या मातीचा सडा होता, आणि तो शिडीवर बसून छताच्या मागच्या कडेला शेवटचा हात देत होता. छत वर आलं होतं. टोपी.

“हे काय केलंत!” ती किंचाळली.

“साहेबांनी सांगितलं ते. पंधरा मिलिमीटर. कालपासून लागलोय.”

“काढा ते!”

“काय?”

“काढा! आत्ता! रेघ बरोबर होती तुमची. ठोकळे जाड झालेत!”

“काय बोलताय? सगळी माती चढवली, आता—”

“पण चढवलीत कशाला? तुम्ही तर चालला होतात ना? हट्ट धरायचा, भांडायचं, मला चार शब्द सुनवायचे! एरवी दोन सेंटिमीटरसाठी माझं डोकं खाता!”

तो शिडीवरून उतरला. केसांत माती, भुवईवर माती.

“मी अडून बसलो असतो तर साहेबांनी तुमच्यावर दडपण आणलं असतं, सातशे चाळीस लिहा म्हणून. तुम्ही लिहिलं नसतंत, आणि तुमची नोकरी गेली असती. किंवा लिहिलं असतंत, आणि... मग तू तू राहिली नसतीस.” तो अडखळला. “रेघ काय, पुन्हा काढता येते.”

“तू?” ती म्हणाली.

“चुकून निघालं.”

“दोन वर्षं झाली, चुकायला एवढा वेळ? आणि ते बोलावणं?”

“काल संध्याकाळीच नाही म्हणून कळवलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस! मी तिकडे ताटावर बसून—”

“ताटावर बसून काय?”

“...ठसका लागला मला. चल, मेस्त्रींकडे जायचंय.”

मेस्त्री खिडकीशी बसले होते. त्या दोघांना एकत्र दारात पाहून, त्याची माती हिच्या बाहीलाही लागलेली पाहून, ते हसले. “या! कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर यायचीच, म्हटलं होतं मी.”

तिने ठोकळा आणि मापक त्यांच्या हातात दिले. म्हाताऱ्या हातांना कंप होता, तरी माप त्यांनी स्वतः घेतलं. दोनदा घेतलं. हसू मावळलं.

“म्हणजे त्या टोप्या... तिन्ही गाड्यांच्या... माझ्यामुळे?”

ती जवळ बसली. “मेस्त्री, चिडायचं ठरवून आले होते. येत नाहीये चिडता.”

“चीड, पोरी. हक्क आहे तुझा.” बराच वेळ ते ठोकळ्याची गुळगुळीत पाठ चोळत राहिले. मग मान वर केली. “मला तिकडे न्या. जे चढवलं ते मीच उतरवतो.”

साहेबांकडून चार दिवस मागून घेतले. सुतारखात्यात खुर्ची टाकून मेस्त्री बसले. सगळं खातं ठोकळे घासायला लागलं, आणि घासलेला प्रत्येक ठोकळा त्यांच्या अंगठ्याखालून जाऊ लागला. “अजून केसभर. घे परत.” तीन दिवसांत लोकांच्या नाकी नऊ आले, पण एक ठोकळा त्यांनी तसाच सोडला नाही. मातीवाल्याने तिकडे रेघ पुन्हा खाली आणली, पुटपुटत, शिव्या घालत, आणि मध्येच शीळ वाजवत.

मोजणी झाली. पंधराव्या थराचा शेवटचा ठोकळा मेस्त्रींच्या हाती दिला. तो आत सरकला, छताला न लागता. सातशे चाळीस. तिने सही केली. चूक कशामुळे झाली ते लिहायच्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला: निगा.

“निगा हा काय दोष आहे?” साहेब वैतागले.

“नाही, साहेब. म्हणूनच सापडायला वीस वर्षं लागली.”

मग ठोकळे पेटीत गेले. मेस्त्रींनी झाकणावर एक बोट टेकवलं. झाकण खाली गेलं, कडी आपसूक बसली. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं. “आता बसायची गरज नाही हो कुणाला.”

“नाही ना,” ती म्हणाली, आणि झाकणावर बसली. “तू काय बघत उभा? बस.”

“कशाला? लागलीय कडी.”

“बस म्हटलं ना!”

तो बसला. ते दोघं अजूनही तसेच आहेत बरं का. घर झालं, संसार झाला, पाण्याचा पेला टेबलाच्या कडेपासून किती आत ठेवावा यावर आजही वाद होतात.

मेस्त्री मात्र आता नाहीत. त्यांच्या नावाची पाटी कुठेही नाही. म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे: कधी रस्त्यावर लांब पाठीची, डोक्यावर टोपी नसलेली गाडी दिसली, किंवा घरातला एखादा खण नुसत्या बोटाने अलगद बंद झाला, तर ज्यांच्या हातून मायेपोटी चूक झाली आणि ज्यांनी थरथरत्या हातांनी ती स्वतःच घासून काढली, त्या म्हाताऱ्या मेस्त्रींची क्षणभर आठवण काढा.